रक्त मोफत दिलेत, आता हृदयातले लोहही मोजा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: नियमित रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमिया रुग्णांची हृदयाची टी-टू-स्टार एमआरआय (हृदयातले लोह मोजणारी) तपासणी शासकीय रुग्णालयांत मोफत व नियमित होण्याबाबत

महोदय,

थॅलेसेमिया मेजर म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन न बनणारा, जन्मभर रक्त चढवायला लावणारा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णाला रक्त मोफत द्यायचे, हे धोरण आपण स्वीकारले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आला. रक्तपेढीच्या खिडकीवर "आधी बदली डोनर आणा" हे वाक्यही आता, निदान आमच्या जिल्ह्यात, क्वचितच ऐकू येते. हा बदल आम्हा पालकांच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला आहे आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. हे पत्र त्या रक्ताबरोबर शरीरात जाणाऱ्या आणि तिथेच मुक्काम करणाऱ्या लोहाविषयी आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. त्यामुळे पत्रात रसायनशास्त्र जरा जास्त येईल. ते टाळून ही मागणी नीट मांडता येत नाही, तेव्हा सहन करावे.

आधी साधा हिशेब. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला पाचेक ग्रॅम. निरोगी प्रौढाच्या अख्ख्या शरीरात लोह असते ३ ते ४ ग्रॅम. म्हणजे आमच्या मुलांच्या अंगात दर वर्षी एका माणसाला पुरून उरेल एवढे लोह बाहेरून येते, आणि बाहेर जाते दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, तेही कातडीच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांच्याबरोबर. जादा मीठ लघवीवाटे निघून जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची अशी सोय मानवी शरीरात नाही. त्यात थॅलेसेमियात हेप्सिडिन हे लोहाला लगाम घालणारे संप्रेरक दबलेले राहते, त्यामुळे आतडे अन्नातूनही गरजेपेक्षा जास्त लोह ओढते. मुलगी फिकट दिसते म्हणून गूळ-शेंगदाणे, बीट, लोखंडी कढईतली भाजी सुचवणारे नातेवाईक आम्हाला जन्मभर पुरतात. आयर्नचे टॉनिक लिहून देणारे डॉक्टरही भेटले आहेत.

रक्तात लोह वाहून नेण्याचे काम ट्रान्सफेरिन हे प्रथिन करते. ते पूर्ण भरले की उरलेले लोह कुणाच्या ताब्यात नसल्यासारखे फिरू लागते. हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्यासाठी कॅल्शियम आत घ्यावे लागते. कॅल्शियमच्या त्याच वाटेने हे मोकाट लोहही आत शिरते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. या तर्काच्या आधारावर ब्राझीलमध्ये अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी लोह काढणाऱ्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्या हृदयात आधीच लोह साठले होते त्यांच्यात ते वर्षभरात कमी झालेले आढळले. (पालकांनी हे वाचून मनाने गोळी सुरू करू नये.)

हृदयाच्या पेशीत शिरलेले लोह एकाच रूपात राहत नाही, आणि माझी सगळी मागणी या मुद्द्यावर उभी आहे.

पहिले रूप फेरिटिन. हा प्रथिनाचा पोकळ गोळा. त्यात फेरिहायड्राइट या गंजासारख्या खनिजाच्या रूपात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. धान्य कणगीत भरून ठेवावे तसे ते असते: साठा आहे, पण उघड्यावर नाही. दुसरे रूप हिमोसिडेरिन. फेरिटिन फार झाले की पेशी ते लायसोसोममध्ये, म्हणजे आपल्या कचरा मोडण्याच्या कप्प्यात, नेऊन मोडते. प्रथिनाचे कवच बरेचसे नाहीसे होते आणि न विरघळणारे ढेकूळ मागे राहते. ऊतकाला प्रशियन ब्लूचा रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली निळे डाग दिसतात ते मुख्यतः याचे. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अवयवांतले हिमोसिडेरिन मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीने (लोहाची रचना ओळखण्याच्या तंत्राने) तपासले गेले तेव्हा त्यात फेरिहायड्राइटच्या जोडीला गोएथाइटसारखी रचनाही मिळाली. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये लोह येते ते आतड्यातून. तिथल्या हिमोसिडेरिनची रचना बरीचशी विस्कळीत, स्फटिकाचा आकार न घेतलेली असते. गोएथाइट म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडात असते ते खनिज. फेरिहायड्राइटपेक्षा ते घट्ट आणि कमी विरघळणारे, त्यामुळे औषधाला त्यातून लोह सोडवणे जड जाते. साठा जितका जुना होऊ द्याल तितका तो हट्टी होतो, असे मी माझ्यापुरते समजतो.

तिसरे रूप प्रमाणाने अगदी थोडे, पण मारक ते आहे. कुठल्याही कवचात नसलेले, सैल बांधलेले लोह. त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. हे मूलक पेशीचे पटल, मायटोकॉन्ड्रिया, कॅल्शियमची ने-आण करणारी प्रथिने, जे समोर येईल त्याची नासधूस करतात. ठोक्यांची लय बिघडते, आकुंचन कमी पडते. फेरिटिन आणि हिमोसिडेरिन हे एका अर्थाने पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेले बंदोबस्त आहेत. ते अपुरे पडले की हे तिसरे लोह वाढते. म्हणूनच साठा बरीच वर्षे गुपचूप वाढत राहतो आणि एखाद्या दिवशी धडधाकट दिसणारे पोर धाप लागून दवाखान्यात येते.

आता आपल्या तपासण्या यातले काय पाहतात ते बघू.

आपल्या डे केअर केंद्रांतून, म्हणजे मुले जिथे रक्त घ्यायला येतात तिथे, दर तीन महिन्यांनी रक्तातले फेरिटिन तपासतात. हे फेरिटिन हृदयातले नव्हे. ते मुख्यतः यकृतातून आणि मॅक्रोफेज पेशींतून रक्तात उतरते आणि त्यात लोह फारसे नसते. ताप आला, जंतुसंसर्ग झाला, कावीळ झाली की ते चढते. एकूण साठ्याचा, त्यातही यकृतातल्या साठ्याचा, तो एक ढोबळ अंदाज आहे. वर्षानुवर्षे ज्यांचे फेरिटिन दर मिलिलिटरमागे २५०० नॅनोग्रॅमच्या वर राहते त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, हे खरे. खाली असलेल्यांचे हृदय सुरक्षित, हे मात्र खरे नाही. यकृत आणि हृदय यांत लोह साठण्याचा आणि निघण्याचा वेगच वेगळा आहे. औषध नेटाने घेतले तर यकृत महिन्यांत हलके होते. हृदयाला वर्षे लागतात. त्यामुळे फेरिटिन सुधारलेले आणि हृदय भरलेले, असा रुग्ण सर्रास सापडतो.

माझी मुलगी अशीच सापडली. फेरिटिन १४००च्या आसपास, टू-डी इको व्यवस्थित, सगळे खूश. आम्ही पदरचे पैसे घालून खासगी केंद्रात टी-टू-स्टार करून घेतली. आकडा आला ९ मिलिसेकंद. त्याआधी दुसऱ्या एका केंद्राने हृदयाचा एमआरआय करून "हृदयाचा आकार व हालचाल सामान्य" एवढ्या एका ओळीत अहवाल संपवला होता. त्यात टी-टू-स्टारचा आकडाच नव्हता. आकडा मोजायचा असतो हे तिथे कुणाला माहीत नव्हते, की मोजायची सोय नव्हती, ते मला कधी कळले नाही.

या आकड्याचा अर्थ थोडक्यात असा. फेरिटिन आणि हिमोसिडेरिनमधले लोह चुंबकीय क्षेत्रात आसपासचा संकेत लवकर विझवते. जितके लोह जास्त, तितका संकेत लवकर विझतो, तितका आकडा लहान. १.५ टेस्लाच्या यंत्रावर (टेस्ला हे चुंबकाच्या शक्तीचे माप) २० मिलिसेकंदांच्या वर ठीक, १० ते २० म्हणजे हृदयात लोह साठले आहे, १०च्या खाली म्हणजे गंभीर. लंडनच्या डॉक्टरांनी ही पद्धत आधी वापरून पाहिली आणि २००१ साली शोधनिबंधातून मांडली. पुढे २०११मध्ये मृत्यूनंतर किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी मिळालेल्या १२ मानवी हृदयांतले लोह प्रत्यक्ष मोजून आकड्याशी ताडून पाहिले गेले. त्यानुसार २० मिलिसेकंद म्हणजे कोरड्या ऊतकाच्या दर ग्रॅममागे १ मिलिग्रॅमच्या जरा वर लोह. १० मिलिसेकंद म्हणजे सुमारे २.७ मिलिग्रॅम.

हा शेवटचा आकडा घेऊन मी एकदा फळ्यावर गणित मांडले. प्रौढ हृदय २५० ते ३०० ग्रॅमचे. त्यातले पाणी वजा केले तर कोरडा भाग उरतो ५५-६० ग्रॅम. गुणाकार करून बघा. ज्या पातळीला आपण गंभीर म्हणतो, तिथे हृदयात मिळून लोह असते दीडशेच्या आसपास मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीत याहून जास्त असते. शरीरभर कित्येक ग्रॅम लोह पसरलेले असताना त्यातले हे एवढेसे नेमके कुठे बसले आहे, ते रक्ताच्या बाटलीतून कसे कळणार? इकोही उशिराच बोलते: हृदयाची ताकद घसरल्याचे ते दाखवते, म्हणजे पेशी हरल्यावर.

आणि हरायला फार वेळ लागत नाही. २००९ साली ब्रिटनमधल्या ६५२ थॅलेसेमिया रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा आकडा ६ मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांतल्या ४७ टक्के रुग्णांना वर्षभरात हार्ट फेल्युअर झाले. ज्यांना हार्ट फेल्युअर झाले, त्यांतल्या ९८ टक्के रुग्णांचा आकडा आधीच १०च्या खाली गेलेला होता. त्याच ब्रिटनमध्ये १९९९पासून ही तपासणी सुरू झाल्यावर थॅलेसेमिया मेजरमधला मृत्युदर दर हजार रुग्णवर्षांमागे १२.७ वरून ४.३ वर आला. एमआरआयच्या बोगद्यात जाऊन आल्याने कुणी बरे होत नाही, हे मला ठाऊक आहे. आकडा कळल्यामुळे औषध बदलले, मात्रा बदलली, कंटाळलेली तरुण पोरे पुन्हा गोळ्या घेऊ लागली. आमच्या घरी तेच झाले. "फेरिटिन वाढलंय" हे वाक्य लहानपणापासून ऐकून बोथट झालेल्या मुलीला स्वतःच्या हृदयाचा आकडा मात्र लागला.

औषधे आपल्याकडे आहेत, ही यातली चांगली गोष्ट. डेफेरॉक्सामाइन पंपाने रात्रभर कातडीखाली द्यावे लागते. डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घ्यायची गोळी आहे, तिच्यासाठी मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते. हृदयातले लोह काढण्यात सरस ठरली ती डेफेरिप्रोन: तिचा रेणू लहान आणि स्निग्ध पटलातून पार होणारा, म्हणून तो पेशीत शिरून लोह धरू शकतो. युरोपने तिला १९९९मध्ये परवाना दिला, अमेरिकेने २०११मध्ये. आपल्याकडे केल्फर या नावाने ती त्याआधीपासून मिळते. तिच्याने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात, म्हणून वारंवार सीबीसी करावे लागते आणि ताप आला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे लागते. कोणाला कोणती, कोणाला दोन एकत्र, हे रक्तविकारतज्ज्ञाने ठरवायचे. पण हृदयाचा आकडा हातात नसेल तर तो तरी कशावरून ठरवणार? आणि गोळ्यांचा साठा संपला, "पुढच्या महिन्यात या" असे सांगितले गेले, तर लक्षात घ्या की औषध रक्तातून उतरले की ते मोकाट लोह काही तासांत पुन्हा दिसू लागते. ब्लड प्रेशरची गोळी चुकण्यासारखे हे नाही.

आता आपल्याकडून काय हवे, ते सांगतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जिथे १.५ टेस्लाचे यंत्र आहे, तिथे नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. लागतो तो मल्टी-एको ग्रेडियंट-एको सिक्वेन्स (यंत्राने चित्र घेण्याची एक ठरावीक पद्धत), ईसीजीशी जुळवून चित्र घेण्याची सोय, आकडा काढणारे सॉफ्टवेअर आणि हे काम शिकलेला एक रेडिऑलॉजिस्ट, एक तंत्रज्ञ. इंजेक्शनने रंगद्रव्य द्यावे लागत नाही. हृदयाच्या मध्यभागाच्या आडव्या छेदाचे एक चित्र, एक श्वास रोखून धरायचा, आणि मोजमाप हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या (जवनिकांमधल्या) पडद्यावर. बाहेरच्या भिंतीवर नाही, कारण शेजारच्या फुप्फुसातल्या हवेमुळे तिथला आकडा फसवतो. त्याच बैठकीत यकृताचेही होऊन जाते. मूल श्वास रोखण्याइतके मोठे झाले की, साधारण दहाव्या वर्षापासून, भूल न देता हे करता येते. २०च्या वर असलेल्याला वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बोलावले तरी चालेल, १०च्या खालच्याला सहा महिन्यांनी बोलवावेच लागेल.

जिथे नवे यंत्र येणार आहे तिथे एक गोष्ट आत्ताच पाहावी. निविदेत हल्ली ३ टेस्ला लिहिण्याकडे कल असतो. मेंदू आणि सांध्यांसाठी ते उत्तमच. पण २० आणि १० या सीमा १.५ टेस्लाच्या आहेत. ३ टेस्लावर त्याच हृदयाचा आकडा निम्म्याच्या आसपास येतो आणि चित्रात दोषही जास्त शिरतात. हे न सांगता दिलेला अहवाल निरोगी मुलाला गंभीर ठरवू शकतो. म्हणून अहवालावर यंत्राची शक्ती आणि मिलिसेकंदांतला आकडा दोन्ही छापणे सक्तीचे करा. आणि टी-टू-स्टारचे सॉफ्टवेअर खरेदीच्या वेळीच निविदेत घाला. मागाहून वेगळे घ्यायचे म्हटले की फाईल कुठे अडकते ते मी आपल्याला सांगायला नको.

दुसरी मागणी बिनपैशाची आहे. थॅलेसेमियाचा रुग्ण हार्ट फेल्युअरने आयसीयूत आला तर त्याला काय द्यायचे, याचे एक पानी परिपत्रक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत लावा. हृदयाची नेहमीची औषधे चालू होतात, पण लोह काढायचे औषध "आधी तब्येत स्थिर होऊ दे" म्हणून थांबवले जाते. व्हायला हवे नेमके उलटे: शिरेतून डेफेरॉक्सामाइन, चोवीस तास, अखंड. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१३च्या एकमत-निवेदनातही तातडीने आणि सलग लोह काढण्यावर भर आहे. यामागचे कारण वर सांगितलेल्या तीन रूपांत आहे. मारक असलेले सैल लोह औषधाच्या हाताला लगेच लागते. ते बांधले गेले की हृदय सावरू लागते, साठा जागच्या जागी असला तरी. २००४ साली लंडनहून आलेल्या अभ्यासात असे औषध घेतलेल्या रुग्णांच्या हृदयाची ताकद वर्षभरात सुधारली, आणि तेव्हा टी-टू-स्टार सरासरी ५.१ वरून ८.१ एवढाच झाला होता. म्हणजे लोहाने अजूनही गच्च भरलेले हृदय नीट काम करू लागले होते. इतर कारणांनी होणाऱ्या हार्ट फेल्युअरमध्ये अशी परतीची वाट सहसा मिळत नाही. आमच्या मुलांना ती मिळते आणि माहितीअभावी हुकते.

सिकलसेलविषयी एक शब्द, कारण आपल्या विभागात या दोन आजारांची फाईल बहुधा एकाच टेबलावर असते. २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांना त्याची गरज होतीच. पण लोहाच्या बाबतीत दोन्हींना एक नियम लावू नये. सिकलसेलमध्ये तितकेच रक्त चढवूनही हृदयात लोह साठण्याचे प्रमाण कमी आहे. नियमित रक्त घेणाऱ्या त्या रुग्णांचे यकृत आधी पाहावे लागते. हृदयाच्या तपासणीसाठी यंत्राचे तास मोजकेच मिळणार असतील, तर ते आधी थॅलेसेमियाला द्या. आणि थॅलेसेमिया हा सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांचा आजार, हा समज कुणाच्या मनात अजून असेल तर त्याने कुठल्याही डे केअरच्या खाटांवरून एकदा नजर फिरवावी. सगळा महाराष्ट्र तिथे झोपलेला दिसेल.

सुरुवात राज्यभर एकदम होणार नाही, हे मान्य. प्रत्येक महसूल विभागात एक केंद्र नेमा, आठवड्यातला एक अर्धा दिवस या तपासणीसाठी राखून ठेवा, आणि रुग्ण ज्या दिवशी रक्त घ्यायला येतो त्याच्याशी ती वेळ जुळवा. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापाला वेगळी चक्कर परवडत नाही. रुग्णाच्या ओळखपत्रावर रक्तगटाच्या खाली टी-टू-स्टारचा आकडा आणि तारीख यांसाठी एक ओळ छापा. मोजमापाची पद्धत ठरवायला आणि प्रशिक्षणाला लागणारी माणसे राज्यात आहेत; परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था आहे, आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत या आजारावर आयुष्य घालवलेले डॉक्टर आहेत. एमआरआयच्या पुढच्या निविदेचा मसुदा अंतिम होण्याआधी त्यांना आणि आम्हा पालकांना एकदा बैठकीला बोलवावे. तारीख आपण कळवा, आम्ही येतो.

आपला,
थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलीचा बाप,
जळगाव